नैरोबीत रुळायचं कसं? फोनमधले पैसे, सहा तास मागचं घड्याळ आणि मित्रमंडळी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून काढलाय. मध्येमध्ये आलेले 'अं', 'म्हणजे' आणि खिडकीबाहेरचे हॉर्न तेवढे गाळलेत.

गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारचे मेसेज खूप आले. "ताई, नैरोबीतून ऑफर आलीये, जाऊ का?" "तिकडे सेफ आहे का?" "व्हेज मिळतं का?" मी मूळची सोलापूरची. इथे एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि नैरोबीतलं माझं हे तिसरं वर्ष. म्हटलं, एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एक अख्खा भागच करूया.

आधी एक गोष्ट. "आफ्रिकेत कसं असतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत. मी बोलणार ते फक्त केनियाबद्दल, आणि त्यातही मुख्यतः नैरोबीबद्दल.

निघण्याआधी

हे पटापट सांगते. पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. केनियातून भारतात परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात.

दुसरं, स्वेटर न्या. हो, स्वेटर! आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. नैरोबी शहर त्याच्याहूनही उंचावर, साधारण १८०० मीटरवर वसलंय. आणि आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जून ते ऑगस्ट इथे थंडी असते. उंचीमुळे शहरात मलेरियाचा धोका कमी आहे. पण मोंबासाकडे, समुद्राकाठी जाणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या.

तिसरं, आईला सांगा, लाडू-चिवडा कॅरीबॅगमध्ये बांधू नकोस. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबरदस्त आहे. कापडी पिशव्या, डबे, बस.

फोन म्हणजेच पाकीट

आल्यावर पहिलं काम म्हणजे पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेणं आणि त्यावर एम-पेसा सुरू करणं. 'पेसा' म्हणजे आपला पैसाच, आणि 'एम' म्हणजे मोबाईल.

आपल्याला वाटतं, फोनवरून पैसे देण्यात आपणच पुढे. पण आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. सफारीकॉम कंपनीनं एम-पेसा सुरू केलं मार्च २००७ मध्ये. फरक कुठे आहे ते समजून घ्या. यूपीआयला बँकेत खातं लागतं. एम-पेसात तुमचं सिम हेच खातं. गल्लोगल्ली हिरव्या रंगाच्या टपऱ्या असतात, तिथे एजंट बसलेला असतो. त्याला रोख दिलीत की तेवढी रक्कम तुमच्या नंबरवर जमा होते. काढायची असली तरी त्याच्याकडेच जायचं. साध्या बटणवाल्या फोनवरही हे चालतं. त्यामुळे ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती तेही गावी आईला पैसे पाठवू लागले.

दोन सूचना. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव स्क्रीनवर येतं, ते नीट वाचा. आणि "चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत करा" असा फोन आला तर आधी स्वतःचा बॅलन्स तपासा. बऱ्याचदा तो मेसेजच बनावट असतो. आपल्याकडच्या भामट्यांचे हे इथले भाऊबंद!

सात वाजले म्हणजे एक वाजला

हे ऐकताना फोन बाजूला ठेवून लक्ष द्या. स्वाहिली भाषेत दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला सुरू होतो. सकाळी सात म्हणजे 'सा मोजा', शब्दशः 'एक वाजला'. दुपारचे बारा म्हणजे 'सा सिता', सहा वाजले. थोडक्यात, घड्याळातल्या आकड्यातून सहा वजा करायचे, किंवा समोरचा काटा बघायचा.

इथे विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून हा हिशोब बारा महिने चालतो. आपली आजी प्रहर आणि घटका मोजायची ना, तेही सूर्योदयापासूनच. त्यामुळे मराठी माणसाला हे पचायला जड जाऊ नये. इंग्रजीत बोलताना लोक नेहमीचीच वेळ सांगतात. पण प्लंबर, भाजीवाली किंवा रिपेअरवाला स्वाहिलीत "सा तातू" म्हणाला तर तो तीनला नाही, सकाळी नऊला येणार आहे.

अर्धी भाषा येतेच तुम्हाला

साबण म्हणजे सबुनी. कलम म्हणजे कलामू. हिशोब म्हणजे हेसाबू. वकील म्हणजे वकिली. दुकान म्हणजे दुका. गाडी म्हणजे गारी. लाख म्हणजे लाकी. दुनिया म्हणजे दुनियाच. मान्सूनच्या वाऱ्यांवर शिडाची जहाजं शेकडो वर्षं अरबस्तान, आपली पश्चिम किनारपट्टी आणि पूर्व आफ्रिका यांच्यात ये-जा करायची. मालाबरोबर शब्दही उतरले. काही शब्द अरबी-फारसीतून दोघांकडे आले, काही आपल्याकडून तिकडे गेले.

काही शब्द मात्र फसवतात. 'मामा' म्हणजे आई किंवा बाईमाणूस. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला सगळे 'मामा म्बोगा' म्हणतात, म्बोगा म्हणजे भाजी. माझ्या मामाला हे सांगितल्यापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

एक शब्द लगेच शिका, 'पोले'. तुम्ही रस्त्यात ठेचकाळलात, ऑफिसात उशिरापर्यंत बसलात, सर्दी झाली, तर अनोळखी माणूससुद्धा म्हणतो, "पोले." त्याची चूक असते म्हणून नाही. तुझं दुखतंय ते मला दिसतंय, एवढंच त्याला सांगायचं असतं. पहिल्या महिन्यात घरची आठवण आली की मला या दोन अक्षरांचा फार आधार वाटायचा.

आणि थेट कामाचं बोलू नका. आधी "हबारी?" म्हणजे काय खबर. हा तर आपलाच शब्द! मग कामाचं. सोलापुरात "काय, कसं काय?" न म्हणता कुणी "दोन किलो साखर द्या" म्हणालं तर दुकानदार कसा बघेल, तसंच.

मटाटू: जरा धीर धरा

मटाटू म्हणजे इथल्या खाजगी मिनीबस. चौदा सीटच्या व्हॅनपासून तीसपेक्षा जास्त सीटच्या बसपर्यंत. बाहेरून फुटबॉलपटूंची आणि गायकांची चित्रं, आत टीव्ही आणि छातीत धडधडेल इतका मोठा आवाज. 'तातू' म्हणजे तीन. पूर्वी भाडं दहा सेंटची तीन नाणी असायचं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

रूट नंबरनं ओळखायचा. १११ म्हणजे न्गाँग, १२५ म्हणजे रोंगाई. भाडं चढण्याआधी विचारायचं, कारण पाऊस आला किंवा संध्याकाळची गर्दी सुरू झाली की ते वाढतं. उतरायचं असेल तर मोठ्यानं "शुकिशा हापो!" म्हणजे तिथे उतरवा. पुटपुटलात तर पुढचा स्टॉप आलाच म्हणून समजा.

आता तो सेफ्टीचा प्रश्न. खरं उत्तर असं की मोठ्या शहरात लागते ती सगळी सावधगिरी इथे लागते, आणि वर थोडी जास्त. खिडकीपाशी बसून फोन बाहेर काढायचा नाही. अंधार पडल्यावर एकटीनं चालत जायचं नाही, ॲपवरून गाडी बोलवायची. कुठला रस्ता दिवसा ठीक आणि रात्री नको, हे कुठल्याही नकाशावर नसतं. ते शेजारी सांगतात, ऑफिसातल्या मैत्रिणी सांगतात, मामा म्बोगा सांगते. म्हणजे इथे सुरक्षित राहायचं असेल तर माणसं ओळखीची हवीत. घराचं गेट कितीही उंच असलं तरी ते ही माहिती देत नाही.

ताटात काय?

व्हेजवाल्यांनो, घाबरू नका. 'न्डेंगू' म्हणजे आपले मूग, आणि चपातीला इथेही चपातीच म्हणतात. 'सुकुमा विकी' ही हिरवी पालेभाजी. नावाचा अर्थ आठवडा ढकलणं, म्हणजे महिनाअखेरची भाजी! 'गिथेरी' म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवून. 'कचुंबारी' म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, नावावरून ओळख पटली असेलच. मधोमध असते उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानं गोळा करून भाजीत बुडवून खायची. "मिमी सिली न्यामा" म्हणजे मी मांस खात नाही. हे वाक्य पाठ करा, कारण काही ठिकाणी भाजीतही मटणाचा रस्सा असतो.

भिशी भेटली!

मैत्री कशी झाली, हे पण विचारलंय तुम्ही. माझी झाली ती भिशीतून. इथे तिला 'चामा' म्हणतात. दहा-बारा जणांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि पाळीपाळीनं एकेकानं सगळी उचलायची. आपल्या गल्लीत काकू-मावश्या चालवतात तीच भिशी. कुणी त्यातून फ्रिज घेतं, कुणी भावाची फी भरतं, आणि काही चामा तर एकत्र जमीनही घेतात. ऑफिसातल्या मुलींनी मला विचारलं, "तुला चामा म्हणजे काय ते समजावून सांगू का?" मी म्हटलं, समजावू नका, हप्ता किती ते सांगा!

आमची चामा तीन महिन्यांतून एकदा फिरायला जाते. आधी सगळ्यांनी एकीच्या नंबरवर पैसे पाठवायचे. ज्याचे आले नाहीत त्याची जागा नाही. त्यामुळे "नंतर देतो" हा प्रकारच संपला.

फिरायचं कुठे?

सुरुवात शहरातूनच करा. करुरा हे नैरोबीतलं मोठं जंगल आहे. नव्वदच्या दशकात त्याचे तुकडे बिल्डरांना वाटायला निघाले होते. वंगारी माथाई त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. जानेवारी १९९९ मध्ये तिथे झाड लावायला गेल्या असताना त्यांना मारहाण झाली. जंगल वाचलं, आणि २००४ मध्ये माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. आज तिथे लोक सायकल चालवतात, डबा खातात. आरेची लढाई पाहिलेल्या मुंबईकरांना तिथे चालताना बरंच काही आठवेल.

नैरोबी नॅशनल पार्क १९४६ मध्ये सुरू झालं. ते शहराला इतकं चिकटून आहे की जिराफाच्या मागे उंच इमारती दिसतात. वर्क परमिटवर असाल तर परदेशी नागरिकाचं ओळखपत्र सोबत ठेवा. पार्कात परदेशी पर्यटक आणि इथला रहिवासी यांच्या तिकिटात मोठा फरक असतो.

थोडं लांब, नैवाशाजवळ हेल्स गेट. तिथे गाडीबाहेर पडून, सायकलवरून झेब्य्रांच्या शेजारून जाता येतं. मात्र आभाळ भरलं असेल तर तिथल्या घळीत उतरू नका. २०१९ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे पर्यटकांचे जीव गेलेत. पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्याखाली काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्यातली एक त्याच भागातली आहे. तिनं ढग बघून "आज नाही" म्हटलं आणि आम्ही वरूनच परत फिरलो. तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

लांबचा वीकेंड मिळाला तर मोंबासा. २०१७ पासून नवीन रेल्वे आहे. तिथला फोर्ट जीझस किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला. पूर्वेकडचा त्यांचा सगळा कारभार तेव्हा गोव्यातून चालायचा. गोवेकरांना ते बुरूज ओळखीचे वाटतील.

आता जरा अवघड विषय

मी राहते पार्कलँड्समध्ये. हा भाग अनेक वर्षं भारतीयांचा. खाली गुजराती फरसाण, पलीकडे मंदिर, समोर गुरुद्वारा. शेजारच्या काकी मला हक्कानं ढोकळा देतात. इथे तुम्ही दोन वर्षं आरामात काढू शकता आणि वॉचमन, ड्रायव्हर, कामवाली सोडून एकाही केनियन माणसाशी बोलायची वेळ येणार नाही. तसं राहणारे लोकही आहेत.

एकदा जेवताना ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "वाहिंदींच्या दुकानात मी लहानपणापासून जातेय. घरात मात्र एकदाही गेलेले नाही. तुमच्यात घरी बोलावत नाहीत का?" 'मुहिंदी' म्हणजे भारतीय वंशाचा माणूस, अनेकवचन 'वाहिंदी'. ती चिडून बोलली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचा प्रश्न मला इतिहासापर्यंत घेऊन गेला.

ब्रिटिशांनी १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वे बांधायला घेतली. त्यासाठी भारतातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर आणले. अंदाजे अडीच हजार मेले. बरेचसे परत गेले, काही हजार राहिले. १८९९ मध्ये रूळ जिथे पोचले, त्या दलदलीच्या माळावर नैरोबी उभं राहिलं. मग ब्रिटिशांनी शहर वंशाप्रमाणे वाटलं. गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, भारतीयांच्या वेगळ्या, आफ्रिकनांच्या वेगळ्या. उत्तम शेतजमीन गोऱ्यांसाठी राखीव, म्हणून भारतीय गेले दुकानदारीत. आफ्रिकन माणसाला भारतीय भेटायचा तो काउंटरच्या पलीकडे. ती भिंत ब्रिटिशांनी बांधली, पण ते गेल्यावरही आपल्या लोकांनी ती बऱ्याच ठिकाणी जपली. तिची किंमतही मोजावी लागली. साठच्या दशकाच्या शेवटी नव्या कायद्यांमुळे हजारो भारतीय केनिया सोडून गेले. शेजारच्या युगांडात १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. २०१७ मध्ये केनियाच्या सरकारनं इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. कागदावर आपले लोक इथले झाले. पण एकमेकांच्या घरी जाणं काही सरकारी आदेशानं सुरू होत नाही.

माझ्या घरापासून जवळच सिटी पार्क आहे. माकडं शेंगदाण्यासाठी अंगावर येतात, ते सांभाळा. तिथल्या दफनभूमीत पिओ गामा पिंटो यांची कबर आहे. नैरोबीत १९२७ मध्ये गोवेकर कुटुंबात जन्म. शिक्षण भारतात, मुंबईत नोकरी, गोवामुक्तीच्या चळवळीत भाग. केनियाला परतल्यावर ते तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले, ब्रिटिशांनी त्यांना १९५४ पासून अनेक वर्षं स्थानबद्ध केलं. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराबाहेर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वय फक्त ३७.

त्याच बागेत जोसेफ मुरुंबी आहेत. वडील गोवेकर, आई मसाई, केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष. १९९० मध्ये ते गेले. आपल्याला पिंटोंजवळ जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती. मित्राच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी!

पार्कलँड्समध्ये राहून ही बाग न पाहिलेले कितीतरी जण मला भेटलेत. मला तिथे चामातल्या मुलींनी नेलं. पिंटो त्यांच्या शाळेच्या इतिहासातले, आणि गोवेकर म्हणून माझ्याही ओळखीच्या मुलखातले.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी दिलं नाही. पुढच्या रविवारी तिला आणि आणखी तिघींना जेवायला बोलावलं. ज्वारीला इथे 'म्टामा' म्हणतात, पीठ सहज मिळतं. भाकरी, पिठलं, ठेचा आणि सोलापुरी शेंगाचटणी. भाकरी थापताना बघून एक म्हणाली, "ही तर उगालीची चपटी बहीण!" शेंगाचटणीचा डबा त्या दिवशी माझ्या घरातून गेला तो परत आलेला नाही.

तर, जाऊ का?

काम बरं असेल, करार नीट वाचला असेल, परमिट कंपनी काढून देणार असेल, तर या. पहिल्या महिन्यात तीन गोष्टी करा. भाजी एकाच मामा म्बोगाकडून घ्या म्हणजे ती तुम्हाला ओळखू लागेल. आठवड्यातून एकदा डबा न नेता ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवा. आणि कुणी "कारिबू" म्हणजे "ये" म्हणालं तर जा, आणि मग त्यांनाही घरी बोलवा. एम-पेसा, मटाटू, घड्याळ हे सगळं महिनाभरात जमतं. आज पाऊस येईल की नाही हे सांगणारी मैत्रीण मिळायला मात्र तुम्हाला दार उघडं ठेवावं लागतं.

पुढच्या भागात परमिट, पगारातली कपात आणि घरभाड्याच्या करारातल्या बारीक अक्षरांबद्दल बोलू. तोपर्यंत क्वाहेरी, म्हणजे येते हं!